आजारी मैत्रिणीच्या घरी डब्याची पाळी कशी लावायची

माझ्या मैत्रिणीची पहिली केमो झाली त्या संध्याकाळी तिच्या ओट्यावर चार घरची वांग्याची भाजी होती. चारही गंजांवर तर्री तरंगत होती आणि तिला नुसत्या वासानं मळमळत होतं. तिसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा तिचा नवरा पोरांना चहात बिस्कीट बुडवून खाऊ घालत होता. जेवण म्हणून. गावात माणुसकी नव्हती असं नाही, ती सगळी एकाच दिवशी येऊन गेली होती.

त्यानंतर आम्ही वहीत पाळी लिहायला लागलो. पहिली पाळी तिची. दुसरी डायलिसिसवर असलेल्या एका काकांच्या घरची. दोन्ही वेळा चुकलो, चुकत चुकत शिकलो. तुमच्या ओळखीत, तुमच्या वेटाळात असं दुखणं आलं असेल आणि पहिल्यांदाच हे काम अंगावर घेत असाल तर पुढचं वाचा. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, कापूस-सोयाबीन-तुरीचं. धानपट्ट्यात कामाचे महिने वेगळे येतील, बाकी फार फरक पडणार नाही.

आधी घरात विचारा, मग गावात

"काही लागलं तर सांगजो" हे वाक्य बोलायचंच नाही. त्यावर आजवर कोणी काही मागितलेलं मी पाहिलं नाही. त्याऐवजी थेट विचारा: "सोमवारपासून सकाळचा डबा येईल. किती जणांचा पाठवू? काय चालत नाही?" होकार-नकार देणं सोपं जातं, मागणं जात नाही.

विचारायचं कोणाला, हेही बघा. मी मैत्रिणीला विचारलं, तिच्या नवऱ्याला विचारलं, दोघं हो म्हणाले. पहिला डबा घेऊन गेले तर सासूबाई दारात उभ्या. "माह्या घरात मयत झाली का वं? काहून भाकरी आणून राहिल्या तुम्ही?"

त्यांचंही खरं होतं. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरून शिजलेलं जेवण येतं ते घरात मयत झाल्यावर, चूल पेटत नाही तेव्हा. जित्या सुनेसाठी भाकरी येताना बघून म्हाताऱ्या बाईच्या पोटात कसं झालं असेल? मी डबा घेऊन परत फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याचजवळ जाऊन बसले आणि ठरवलं: भाकरी-भाजी आमच्याकडून, भात मात्र त्यांच्याच घरी शिजणार. चूल रोज पेटणार. सासूबाईंनी मान हलवली आणि त्यानंतर चार महिने त्यांनी भाताचा कुकर कधी चुकवला नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर पहिली बोलणी त्यांच्याशी करा.

वही एकाच माणसाकडे

घरच्या माणसाला दिवसातून दहा फोन येतात: आज काय आणू, मीठ चालते का, किती वाजता येऊ. हे फोन घ्यायला बाहेरचं एक माणूस हवं. आजारी बाईची सख्खी बहीण नको, तिला रडू आवरत नाही. जिचं गावात सगळ्यांशी बरं आहे आणि जी तोंडावर नाही म्हणू शकते अशी बाई बघा. आमच्याकडे अंगणवाडीतल्या ताई होत्या, नंतर मी.

पाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहा. पेन नको, खोडावं लागतं. एक कॅलेंडर तुमच्या घरी, एक त्यांच्या घरी, म्हणजे आज कोण येणार हे त्यांनाही कळतं. व्हॉट्सॲपचा गट लागतोच, पण त्यात फक्त तारीख, घर आणि वेळ. तिचे रिपोर्ट, तिचे फोटो, "लवकर बरे व्हा" वाली गुलाबाची फुलं टाकायची नाहीत. एका हौशी माणसानं तिचा टक्कल पडलेला फोटो टाकला होता. मी त्याला गटातून काढलं, तो अजून माझ्याशी बोलत नाही. चालते.

किती दिवस लागतील ते सुरुवातीलाच विचारून घ्या. तिला २१ दिवसांच्या अंतरानं ६ केमो सांगितल्या होत्या, म्हणजे चार महिने. १४ घरं मिळाली तर एका घराला पंधरवड्यातून एकदा पाळी येते, चार महिन्यांत नऊ वेळा. एवढं कोणालाही झेपतं. ६ घरांवर चार महिने ओढायला गेलात तर दुसऱ्या महिन्यात लोक रस्ता बदलायला लागतील. घरं मिळाली नाहीत तर रोजचा डबा नकोच, आठवड्यातून तीन दिवस ठरवा आणि ते तीन दिवस पाळा.

दोन घरं राखीव ठेवा. ज्या घरात सर्दी-खोकला, ताप, हगवण असेल त्या घरानं त्या दिवशी स्वयंपाक करायचा नाही, राखीव घरानं करायचा. यात लाज नाही हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाया लपवतात.

सकाळचाच डबा का

शहरातली नणंद म्हणाली, संध्याकाळचं जेवण द्या, गरम मिळेल. तिला वावराचं गणित माहीत नाही. निंदणाला, वेचणीला जाणारी बाई दिवस मावळता घरी येते, मग सरपण, पाणी, स्वतःची लेकरं. तिच्याकडून संध्याकाळी अजून पाच जणांचं मागणं बरोबर नाही. सकाळी मात्र ती शिदोरीसाठी भाकरी थापतच असते. तव्यावर आठ-दहा जास्तीच्या टाकल्या, भाजीचा गंज एक नंबर मोठा घेतला की झालं. डबा वावरात जाताना वाटेतच पोचतो. पाळीपायी कोणाची रोजी बुडता कामा नये.

पाच माणसांच्या एका वेळेला १० भाकरी किंवा १५ पोळ्या, एक वाटी तुरीच्या डाळीचं वरण, पाऊण किलोची भाजी पुरते.

आणि हे नीट ऐका: डबा एका माणसाचा नसतो. आजारी बाई दोन घास खाते, बाकीचं घर खातं. म्हणून दोन डबे करा. मोठा डबा घरासाठी, नेहमीच्या तिखटमिठाचा. लहान डबा तिच्यासाठी. आम्ही पहिले आठ दिवस सगळंच फिकं पाठवलं. तिच्या नवव्या वर्गातल्या पोरानं शेवटी विचारलं, "मावशी, मले बी कॅन्सर झाला का?" दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी चून-भाकर आणि मिरचीचा ठेचा गेला.

केमोचे तीन आठवडे

तीन आठवड्यांना तीन वेगळी जेवणं लागतात. हे कळायला आम्हाला दोन केमो गेल्या.

पहिले चार-पाच दिवस मळमळीचे. फोडणीचा वास चालत नाही, लसूण नाही, तेल नाही. गरम जेवणाला वास जास्त येतो, म्हणून कोमट किंवा गार द्यायचं. मऊ भात आणि पातळ वरण, ज्वारीच्या कण्या, साबुदाण्याची पातळ खीर. एकदम ताटभर नाही, दर दोन तासांनी अर्धी वाटी. तिला तोंडात लोखंड चघळल्यासारखं लागायचं. स्टीलचा चमचा बदलून प्लॅस्टिकचा दिला तर थोडं बरं वाटलं. तोंडात फोड आले तर आंबट, तिखट, कुरकुरीत सगळं बंद. आपल्याकडे फिकं म्हणजे तीनऐवजी दोन मिरच्या घालतात, म्हणून मी वहीतच लिहिलं: लहान डब्यात मिरची शून्य.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. बाहेरून बाई बरी दिसते, बोलते, हसते, आणि हाच काळ जपायचा असतो. आपल्या पोटाला काही न करणारा जंतू तिला दवाखान्यात नेऊ शकतो. कच्चं काही नको: काकडी नको, कांदा नको, सोलता न येणारं फळ नको, उकळलेलं नसेल ते पाणी नको, बाजारातला समोसा तर नकोच. वरणावर वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरकावायची आपल्या हाताला सवय असते. तो धुऊन, उकळत्या वरणातच टाकायचा. दह्या-ताकाचं डॉक्टरांना विचारा. या आठवड्यात तिचं ताट आम्ही बाहेरून आणतच नव्हतो. पाळीवाली घराचा डबा देऊन जायची, आणि वावरात न जाणारी एक काकू अकराच्या सुमारास तिथं जाऊन, साबणानं हात धुऊन, तिच्याच घरच्या कुकरात तिच्यापुरतं ताजं शिजवायची. अर्ध्या तासाचं काम.

डबा देणाऱ्याला एक आकडा पाठ असू द्या: ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, रात्र असो की पाऊस, दवाखान्याला फोन करून निघायचं.

तिसऱ्या आठवड्यात भूक येते. हा आठवडा डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, जे पोटात जाईल त्यानं भरून काढायचा, कारण पुढची केमो दारात उभी असते. तिनं या दिवसांत पाटोडीची रस्सा भाजी मागितली, गोळाभात मागितला. मटन मागितलं तेव्हा सासूबाईंनी डोळे मोठे केले. डॉक्टरांनी चांगलं शिजवलेलं चालेल म्हटलं होतं, म्हणून गेलं. या आठवड्यात चांगल्या हाताच्या बायांची पाळी लावा. मळमळीच्या दिवसांत कोणाच्याही हातचा मऊ भात सारखाच.

दुखणं दुसरं असेल तर

काकांच्या डायलिसिसच्या वेळी आम्ही जवळजवळ घोटाळाच केला. आजारी माणसाला भेटायला जाताना नारळपाणी न्यायची पद्धत आहे. किडनी निकामी झालेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं, कारण त्यातलं पोटॅशियम त्याच्या रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. केळी, आलू, भेदरं (टमाटे), संत्री यांचंही तेच. नागपुरी संत्र्याची पिशवी प्रेमानं आणलेली असते, तरी परत द्या. मिठाऐवजी "कमी सोडियमचं मीठ" घालू नका, त्यात पोटॅशियमच असतं. दिवसाचं पाणी मोजून सांगितलेलं असतं आणि वरण, कढी, चहा हे सगळं त्या मापात धरतात, म्हणून भाजी कोरडी पाठवा. काका दारात डबा उघडून आधी रस्सा किती ते बघायचे.

हृदयाच्या दुखण्यात मीठ आणि तेल कमी. पापड, लोणचं, शेव डब्यात टाकायचंच नाही, भाजीत कमी केलेलं मीठ तिथून परत येतं. साखरेच्या माणसाला भात थोडा, भाकर बरी, पण जेवणाची वेळ चुकू देऊ नका, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन तो तुमच्या डब्याची वाट बघत बसलेला असतो. लकवा मारलेल्या माणसाला गिळता येतं का हे आधी विचारा. पातळ पाणी ठसकतं, घट्टसर मऊ जेवण जातं, आणि जेवताना टेकून बसवावं लागतं.

टीबीच्या घरी डबा द्यायला लोक कचरतात. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. या माणसाला तर पोटभर, डाळ-अंड्याचं जेवण औषधाइतकंच लागतं. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). खातं जोडलंय का हे आशाताईला विचारा. पैसे येत असतील तरी डबा बंद करू नका, तेवढ्यात महिना निघत नाही.

कोणतंही दुखणं असो, डॉक्टरांचा आहाराचा कागद असतो. त्याचा फोटो काढून गटात वर चिकटवा. गटातल्या काढे आणि गोमूत्राच्या सल्ल्यांना मी उत्तर देत नाही, कागदाचा फोटो परत टाकते.

ऊन आणि डबा

शिजलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांच्या वर ठेवू नये. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ चा पारा नवलाचा नाही. म्हणजे सकाळी आठला शिजवलेलं वरण दुपारी बाराला तसंच खायचं नाही, उकळी आणूनच घ्यायचं. भात तर सगळ्यात फसवा, वास येत नाही आणि पोट बिघडतं. तो त्यांच्याच घरी शिजतो याचा हाही फायदा झाला. उन्हाळ्यात भाजी कोरडी, सोबत जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, आणि डबा उन्हात मोटरसायकलच्या हँडलला लटकवून चार घरी गप्पा मारत न्यायचा नाही. सरळ तिथं.

डबे कोणाचे?

हा प्रश्न फालतू वाटतो. दुसऱ्या केमोनंतर तिसऱ्या दिवशी मी गेले तर मैत्रीण भिंतीला टेकून सुपात तुरीची डाळ निवडत होती. डोक्याला फडकं, हाताला सलाईनची पट्टी. मला वाटलं करमत नसेल. तर म्हणे, "सात घरचे डबे पडले आहेत, रिकामे कसे देऊ?"

रिकामा डबा परत करू नये हे आपल्या हाडात बसलंय. तिनं कोणाच्या डब्यात डाळ, कोणाच्या डब्यात साखर, एकाच्यात दोन लिंबं घातली होती. आपण तिचं काम कमी करायला निघालो होतो आणि तिला सात घरांची परतफेड लावून दिली होती.

मग बचत गटाच्या पैशातून स्टीलचे सहा डबे घेतले. वर खिळ्यानं "गट" असं कोरलं. हे डबे कोणाच्याच घरचे नाहीत, त्यामुळे भरून कोणाला द्यायचा प्रश्न नाही. आज भरलेला द्या, कालचा रिकामा उचला, पुढच्या पाळीच्या घरी पोचवा. घासायचा पाळीवालीनं. आधी एका घरानं तिच्याकडून आलेला स्वतःचा डबा महिनाभर अंगणात पालथा घालून ठेवला होता, लागण होईल म्हणून. कॅन्सर डब्यातून येत नाही हे त्या घराला सांगून झालं, पण गटाचे डबे आल्यावर तो विषयच मिटला.

दारात गेलात की डबा द्या, कसं काय विचारा, निघा. बसायचं नाही. तुम्ही बसलात की तिला उठून बसावं लागतं, कोणीतरी चहा मांडतं. बसायचंच असेल तर ती म्हणेल त्या दिवशी, हात रिकामे घेऊन जा.

कोण देणार, कोण नाही

गावात राहते म्हणून हेही लिहिते. यादी करायला बसलं की एखादी बाई हळूच म्हणते, "त्यांच्या घरचं त्यांना चालेल का?" कोणत्या वेटाळाबद्दल बोलणं चाललंय हे सगळ्यांना कळतं. मी मैत्रिणीला एकटीला विचारलं. ती म्हणाली, "ज्याले द्यावं वाटते त्याचं चालते." तिच्यावर विषय संपला. पण संपला नसता तर? ज्या यादीत एखाद्या घराला "तुमचं नको" असं सांगायला जावं लागेल, ती यादी मी करणार नाही. मग मी एकटी जेवढं जमेल तेवढं देईन. शाकाहाराचं, माळकऱ्याच्या पथ्याचं वेगळं. ते जेवणाबद्दल आहे, सांगता येतं, पाळता येतं.

ज्यांना स्वयंपाक जमत नाही त्यांच्याकडून जिन्नस घ्या: दोन पायल्या ज्वारी, तूर, तेलाचं पाकीट, गॅसचे पैसे. गडीमाणसांना डबे पोचवायला, दळण आणायला लावा. गुरुदेव सेवा मंडळाची पोरं आमच्याकडे या कामी आली. पैसा वहीत लिहा आणि महिन्याला वाचून दाखवा.

सोयाबीनची सोंगणी आणि पुढं कापूस वेचणी, हे दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. तेव्हा १४ ची ७ घरं होतात. त्या दिवसांत म्हाताऱ्या बाया, शिलाई करणाऱ्या, दुकानवाल्या यांच्या पाळ्या वाढवा. महालक्ष्म्या, पोळा, दिवाळी या दिवशीही डबा जातो हे विसरू नका. सणाच्या दिवशी प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल.

दवाखान्यात भरती असेल तेव्हा

सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकलला माणूस भरती असतो तेव्हा पेशंटच्या जेवणापेक्षा त्याच्या जवळच्या माणसाचा विचार करा. तो व्हरांड्यात वडापाववर दिवस काढतो. एस.टी.त महिलांना अर्ध तिकीट आहे, म्हणून एक दिवसाआड कोणीतरी बाई जाऊ शकते. नेताना भाकरी, चटणी, दशम्या, भाजलेले शेंगदाणे असं न विटणारं न्या, रस्सा नको. लांब असेल तर जेवणाचे पैसे पाठवणं जास्त बरं. मुंबईला टाटाला जावं लागलं तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं तिथं राहतात. बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. जायच्या आधी जागेची चौकशी करून निघा. आणि इकडे गावात पोरं-म्हातारी मागं राहिलेली असतात, त्यांचा डबा या दिवसांत थांबवू नका. आमच्याकडून एकदा थांबला होता. पेशंट घरी नाही म्हणून सगळ्यांना वाटलं आता कशाला.

पाळी बंद कधी करायची

शेवटच्या केमोनंतर लगेच नाही. थकवा पुढंही राहतो. आम्ही रोजचा डबा एक दिवसाआड केला, मग आठवड्यातून दोन, आणि आठ दिवस आधी सांगून थांबवला. काकांच्या घरी तसं करायची वेळ आली नाही. तिथं तेराव्यानंतरही महिनाभर सकाळचा डबा जात होता, लहानीला शाळेत न्यायला लागायचा म्हणून. सहा डबे आता अंगणवाडीच्या पेटीत आहेत. एकाच्या झाकणाला आतून १४ घरांची यादी चिकटवलेली आहे. त्यातली दोन नावं खोडून नवी लिहायची आहेत, मैत्रीण म्हणते तिचं पहिलं लिही.